खोडलेली ओळ आणि सातवा पदार्थ

कंट्रोल आणि पाच ही बटणं एकदम दाबली की एक्सेलच्या सेलमधल्या मजकुरावरून आडवी रेघ जाते. पुन्हा दाबली की रेघ निघते आणि मजकूर होता तसा होतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात आम्हाला हे ओघात शिकवलं होतं. कंट्रोल दोन म्हणजे ठळक, तीन म्हणजे तिरकं, चार म्हणजे अधोरेखित, पाच म्हणजे खोडलेलं. ठळक, तिरकं, अधोरेखित यांना बी, आय, यू अशी अक्षरंही आहेत आणि ती सगळ्यांच्या बोटांत असतात. खोडायला मात्र अक्षर नाही, आकडाच आहे. वाण्याच्या यादीत मीठ आणून झालं की मिठावर रेघ, एवढ्यासाठी हे बटण केलं असावं. मी ते मुलांच्या नावांवर वापरतो.

आमचा एक लहानसा गट आहे. वावर-वांगणीच्या पट्ट्यातल्या काही पाड्यांवर दर महिन्याला मुलांचा दंडघेर मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे ताया करतात. ती वही जव्हारला आली की संगणकात भरायचं काम माझं. मूल ६ महिन्यांचं झालं की त्याचं मोजमाप सुरू होतं, ५ वर्षांचं झालं की ते यादीतून जातं. फीत सोपी आहे. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५ च्या आत पिवळी, पुढे हिरवी. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण; पिवळी म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. ही अक्षरं आता पाड्यावरच्या आज्याही घरच्या शब्दांसारखी बोलतात.

वावर-वांगणी हे नाव जिल्ह्याबाहेर ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते एकाच कारणानं ठाऊक आहे. १९९२-९३ मध्ये, पालघर जिल्हा व्हायच्या कितीतरी आधी, हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता तेव्हा, इथली मुलं कुपोषणानं गेली. १२५ हा आकडा तेव्हापासून वर्तमानपत्रांत आणि अहवालांच्या प्रस्तावनेत येत राहिलाय. मी तो शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्या १२५ जणांची नावं मात्र मला वाचायला मिळालेल्या एकाही कागदात नाहीत. बेरीज आहे, ओळी नाहीत. रोज ओळी भरणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच टोचतं.

माझा मामा माळकरी आहे. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला मोखाड्यावरून चालत त्र्यंबकला जातो. शाळा फार झालेली नाही, पण वाचतो आणि वाचलेलं सोडत नाही. एकदा तो माझ्या पाठीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. एका ओळीवर रेघ दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "ह्या रेघंखालचं पोर हाय का नाय?"

"गेलं," मी म्हटलं.

"मंग नाव कशाला ठेवलंस?"

"रेघ ओढलीय की."

"रेघंखालचं वाचता येतंय ना पण."

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. प्रश्न मात्र तिथेच राहिला, आणि तो संगणकाचा प्रश्न नाही हे मला लगेच कळलं. नाशिकला बी. ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. नोकरीला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण असे प्रश्न कुठल्या गल्लीतले आहेत एवढं त्यामुळे ओळखता येतं.

पहिलं उत्तर वेदांताचं, आणि एक्सेल त्याच बाजूचं आहे असं पहिल्या दिवसापासून वाटतं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. घट, परळ ही नुसती नावं, खरी ती माती. एक्सेलमध्येही सेलची किंमत वेगळी आणि तिचं रूप वेगळं. कंट्रोल एक दाबून जी खिडकी उघडते तिच्यात रूपाचा सगळा बाजार मांडलेला असतो: रंग, रेघा, टंक, चौकट. तिथे काहीही करा, आतल्या किमतीला धक्का लागत नाही. १ जानेवारी १९०० ही तारीख आत नुसता १ असते. आपण तिला तारखेचा अंगरखा घालतो. ११.३ हा आकडा लाल केला काय, ठळक केला काय, बेरजेला तो ११.३ च. आणि खोडला तरी ११.३ च. बेरीज करणाऱ्या सूत्राला रेघ दिसत नाही. त्याच्या लेखी आडवी रेघ म्हणजे अविद्या.

मामाला हे सांगितलं असतं तर तो खूश झाला असता. रूप मिथ्या, आत एकच. पण मला या उत्तराची धास्ती वाटते, आणि तिचं कारण सीएसव्ही आहे. फाईल दुसऱ्या प्रणालीत चढवायची तर बहुतेक वेळा सीएसव्ही मागतात, कारण ती हलकी असते आणि कुठेही उघडते. सीएसव्ही म्हणजे उद्दालकाची माती. नुसत्या किमती आणि मध्ये स्वल्पविराम. रंग जातो, ठळकपणा जातो, आणि रेघही जाते. गेलेलं मूल त्या फाईलमध्ये नाव, पाडा आणि शेवटचा दंडघेर घेऊन इतरांच्या रांगेत पुन्हा उभं राहतं. सीएसव्हीपर्यंतही जायला नको. सारांशाच्या पानावर सूत्रानं नावं खेचली तर फक्त नावं येतात, रेघ मूळ पानावरच राहते. नामरूपाचा निरास केला की मूल जिवंत होतं, असं कुठल्याही आचार्यानं म्हटलेलं नाही. माझ्या संगणकात तसं होतं.

म्हणजे मुलगा आहे हे किमतीत आहे आणि तो गेला हे फक्त रूपात आहे. मग रूप मिथ्या कसं?

दुसरं उत्तर न्यायवाल्यांचं. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत पदार्थ सहाच मोजलेत: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. सातवा मागून आलेल्यांनी जोडला, तो अभाव. बी. ए.ला अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह होता, त्यात सातही येतात. जमिनीवर घडा नाही, हे नुसती जमीन दिसण्याहून वेगळं ज्ञान आहे, असं हे लोक म्हणतात. नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे. आम्ही पोरं वर्गात याला हसायचो. नसलेली वस्तू वस्तूंच्या यादीत! सर मात्र शांतपणे सांगायचे की प्रत्येक अभावाला एक प्रतियोगी लागतो. ज्याचा अभाव आहे तो प्रतियोगी आणि जिथे अभाव आहे ते अधिकरण. घडा कधी पाहिलाच नसेल तर घडा नाही हे कळणार कुणाला?

मीमांसकांतल्या प्राभाकरांना हे मान्य नाही. ते म्हणतात, घड्याचा अभाव म्हणजे रिकामी जमीन, त्याहून वेगळं काही नाही. मला वाटतं एक्सेल मुळात वेदांती नाहीच, ते प्राभाकर आहे. त्याच्या लेखी रिकामा सेल म्हणजे रिकामा सेल. समजा एका पाड्यावर पाच मुलं आहेत. दंडघेर ११.२, १२.६, १२.८, १३.० आणि १३.४. सरासरी १२.६. दिवाळीनंतर ११.२ वालं पोर आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. त्याच्या सेलमध्ये काहीच लिहिलं नाही तर सरासरी काढणारं सूत्र ते पोर सोडून देतं आणि उत्तर येतं १२.९५. कुणाच्या दंडावर मांसाचा कणही चढला नाही, पाडा सुधारला. बरं, रिकामं नको म्हणून ० लिहावं तर सरासरी १०.३६, अख्खा पाडा लाल. रिकामं आणि शून्य यांत केवढं अंतर आहे ते बघा, आणि खरं दोन्ही नाही.

याच यंत्राचा दुसरा एक गुण सांगतो. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे आणि त्याचा क्रमांक ६० आहे. आधीच्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती. तिथल्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवली. कधी न उगवलेल्या दिवसाला, शास्त्रीबुवांच्या भाषेत आकाशपुष्पाला, क्रमांक आहे. भट्टीवर गेलेल्या पोराला मात्र नाही.

तर आम्ही रिकामं सोडत नाही. अभावाचे प्रकार करतो. हे मी न्यायवाल्यांकडून उचललं, गटात कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर चेष्टा झाली असती. जे मूल अजून ६ महिन्यांचं व्हायचंय त्याचा मोजमापाचा सेल फिका निळा. तर्कसंग्रहात याला प्रागभाव म्हणतात. तो अनादि असतो आणि वस्तू झाली की संपतो. भट्टीवर गेलेल्याचा सेल राखाडी: आल्ट, मग एच, मग पुन्हा एच, आणि रंग निवडायचा. याच्यासाठी नेहमीच्या चार प्रकारांत नीटशी जागा नाही. पण उचलून नेलेला आणि पुन्हा आणून ठेवलेला घडा काही नैयायिकांनाही छळत होता. त्यांनी त्यासाठी सामयिक अभाव असा आणखी एक प्रकार मानला. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्यानं वीटभट्टी पाहिली नसणार, पण आमच्या पट्ट्याला त्याच्याइतकं कुणी ओळखलेलं नाही. निम्मं वर्ष इथे सामयिक अभावातच जातं. पाऊस तोंडावर आला की राखाडी सेल एकेक करून पांढरे होतात, आणि त्यांतले किती लाल होऊन भरतात हे तेव्हाच कळतं.

लाल-पिवळा-हिरवा हे रंग मी हातानं देत नाही. नियम लावून ठेवलाय, आकडा टाकला की रंग आपोआप येतो. ११.४ लाल, ११.५ पिवळा. फीत जरा सैल धरली तर मूल एका रंगातून दुसऱ्यात जातं, त्याबद्दल बोलायचं तर वेगळाच लेख होईल. इथे एवढंच सांगायचंय की हा रंग किमतीतून निघतो. रेघ तशी निघत नाही. गेलेल्या मुलाच्या ओळीत असा कुठलाही आकडा नसतो ज्यातून रेघ आपसूक उमटावी. कुणीतरी येऊन सांगावं लागतं.

आणि सांगणाऱ्याला कसं कळतं? हा प्रश्न जुना आहे. नैयायिक म्हणतात अभाव डोळ्यांनीच दिसतो. भाट्ट मीमांसक म्हणतात नाही, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण आहे, न सापडणं हेच ज्ञानाचं साधन. पण दोघांचीही एक अट आहे. वस्तू असती तर दिसली असती अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. ताईच्या वहीत 'घर बंद' असा शेरा असतो. बंद घर हा अंधार आहे. आई शेतावर असेल, मूल आजोळी असेल, सगळे भट्टीला गेले असतील, आणि एखाद्या वेळी तेही झालेलं असेल ज्याबद्दल शेजारी बोलत नाहीत. बंद दारावर रेघ ओढायची नाही हा आमचा नियम आहे. आईनं किंवा आजीनं तोंडानं सांगितलं पाहिजे आणि ताईनं त्या घरात बसून ऐकलं पाहिजे, मगच कंट्रोल पाच. हे कामाच्या सोयीसाठी केलेलं नाही. सोय उलट बाजूला होती.

सोयीची बटणं फार आहेत. शिफ्ट-स्पेसनं पूर्ण ओळ निवडायची आणि कंट्रोल-वजा दाबायचं, ओळ जाते, खालची वर सरकते, मधली फट मिटते. कंट्रोल नऊ दाबलं तर ओळ लपते. ती जात नाही, नुसती दिसत नाही. डावीकडच्या क्रमांकांत एक आकडा गाळलेला दिसतो, तोही बघणाऱ्यालाच. एकसारखी नावं काढून टाकणारी आज्ञा तर त्याहून धोक्याची. आमच्याकडे एकाच पाड्यावर तेच नाव, तेच आडनाव आणि आईचंही तेच नाव असलेल्या दोन मुली आहेत. घट हा पट नव्हे, याला अन्योन्याभाव म्हणतात. यंत्राला तो कळत नाही, त्याला एक मुलगी जास्तीची वाटते.

ओळ काढून टाकली तर काय जातं? प्रतियोगी जातो. मग तिथे कुणाचा अभाव आहे हे सांगता येत नाही, आणि न्यायवाल्यांचं खरं मानायचं तर तिथे अभावही उरत नाही, नुसती जमीन उरते. १९९२-९३ च्या त्या आकड्याबद्दल मला हेच म्हणायचं होतं. १२५ जणांचा अभाव कळायला १२५ प्रतियोगी लागतात. बेरजेला प्रतियोगी होता येत नाही.

मामाशी हे मी एकदा बोललो, पदार्थ-बिदार्थ गाळून. त्यानं चांगदेवांचा कोरा कागद काढला. मोठ्या योग्याला लहान वयाच्या ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. आशीर्वाद लिहावा तर ज्ञानानं ते वडील, नमस्कार लिहावा तर वयानं धाकटे. मायना सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला अशी गोष्ट आहे, आणि त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. मामाचं म्हणणं असं की कोरंच खरं. ज्ञानदेवांनी ते वाचलं ना? मग तू कशाला रंग भरत बसतोस.

गोष्ट मला त्याच्याइतकीच आवडते, पण मला ती उलटी दिसते. तो कागद वाचता आला कारण कुणी पाठवला आणि कुणाला, हे माहीत होतं. कोरेपणाला पत्ता होता. वाटेत सापडलेला कोरा कागद मुक्ताबाईंनीही वाचला नसता.

मायन्याचा हा घोळ मला तरी क्षुल्लक वाटत नाही. वडील की धाकटा हे ठरेना म्हणून एवढा योगी अडला. मजकूर काय लिहायचा यावर नाही, कोणत्या रूपात लिहायचा यावर. रूप मिथ्या असतं तर त्यानं काहीतरी खरडून पाठवलं असतं.

एक्सेलमध्ये खोडलेलं मराठी नाव दिसतं कसं, तेही सांगतो, कारण इंग्रजीत ते तसं दिसत नाही. रोमन अक्षरांवरून जाणारी रेघ ही तिथे परकी, एकुलती. देवनागरीला एक रेघ मुळातच डोक्यावर असते. कंट्रोल पाच तिच्याखाली दुसरी ओढतं, अक्षरांच्या पोटातून. लहान टंकात मात्रा आणि वेलांट्या वर मोकळ्या राहतात, मधला भाग भरतो, आणि नाव दोन रेघांमध्ये धरल्यासारखं वाचता येतं. तिरकं केलेलं मराठी मला बघवत नाही, ते पडल्यासारखं दिसतं, पण खोडलेलं नीट वाचता येतं. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळाचा पिवळा लेप द्यायचे आणि वर पुन्हा लिहायचे. खालचं अक्षर दिसू नये हा तिथे हेतू होता. इथे हेतू बरोबर उलटा.

सेलमधलं अर्धंच नाव खोडायचं असेल तर एफ-टू दाबून आत शिरायचं, शिफ्ट धरून बाणानं तेवढी अक्षरं निवडायची आणि मग कंट्रोल पाच. याचं काम बारशाशी आहे. बाळ जन्मलं की वहीत 'अमकीची मुलगी' असं लिहून येतं, नाव मागून ठेवलं जातं. मग 'ची मुलगी' एवढ्यावर रेघ, आल्ट-एंटर करून त्याच सेलमध्ये खाली नाव. काही ओळी अशाही आहेत की नाव ठेवायच्या आधीच आख्ख्यावर रेघ आली. त्या ओळींत प्रतियोगी कोण, तर आई.

आता रेघ सीएसव्हीत टिकत नाही त्याचं काय केलं, तर एक रकाना वाढवला, 'सद्यस्थिती'. त्यात शब्दच लिहितो: आहे, भट्टीवर, घर बंद, गेलं. मोजणाऱ्या सूत्राला रंग कळत नाही, शब्द कळतो. गटातल्या एकानं मग विचारलंच की शब्द आहे तर रेघ कशाला, दुप्पट काम. त्याचं बरोबर आहे. शब्द यंत्रासाठी पुरतो. पण खालून वर नजर फिरवताना 'गेलं' हा शब्द 'आहे'च्या रांगेत सहज निसटतो, आणि पाड्यावर जाण्याआधी ताई यादी नजरेनंच वाचते. त्या घरात जाऊन तिनं त्या पोराला हाक मारू नये, यासाठी रेघ.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. नवं वर्ष आलं की नवी फाईल करावी लागते. खोडलेल्या ओळी तिच्यात न्यायच्या का? तर्कसंग्रहाचं उत्तर स्पष्ट आहे. नाशानंतरच्या अभावाला, प्रध्वंसाभावाला, सुरुवात असते, शेवट नसतो. त्या हिशेबानं ओळ कधीच काढता येत नाही. जागा नाही ही सबब चालणार नाही. एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. तूर्त मी असं करतो की ती ओळ दर वर्षी पुढे न्यायची, आणि ज्या महिन्यात त्या मुलाची ५ वर्षं पुरी झाली असती त्या महिन्यात, बरोबरीची मुलं यादीतून जातात त्यांच्याबरोबर, तिलाही मोठ्या मुलांच्या पानावर पाठवायचं, खोडलेलीच. अन्नंभट्टांना हे चाललं नसतं. मामालाही पटलेलं नाही. तो म्हणतो, गेलेल्याचं वय कसलं मोजतोस. वय काढणारं सूत्र मी त्या ओळींतून अजून काढलेलं नाही.